परत फिरण्याचा हक्क



कामगार चळवळीतला माणूस आज बर्फाच्या डोंगरावर बोलणार, याचे आपल्याला नवल वाटले असेल. आल्प्स पर्वत मी डोळ्यांनी पाहिलेला नाही. जे सांगणार आहे ते वाचून मिळवलेले आहे. पण त्या डोंगरावर राबणाऱ्या माणसांचा प्रश्न माझ्या ओळखीचा निघाला, म्हणून हा विषय मी मागून घेतला.

प्रथम ही चढाई कशी असते ते पाहू. स्की म्हणजे बर्फावरून खाली घसरण्याच्या लांब पट्ट्या, अशी आपली समजूत. पण आल्प्समध्ये त्याच पट्ट्या पायांत बांधून लोक शिखरे चढतात. युक्ती साधी आहे. मांजराच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर तो सरळ जातो. उलटा फिरवला तर केस आडवे येतात. तशीच केसाळ पट्टी स्कीच्या तळाला चिकटवतात. पूर्वी ती सीलच्या कातड्याची असे, आता अंगोरा शेळीच्या केसांची किंवा नायलॉनची असते. पाऊल पुढे सरकते, मागे घसरत नाही. चढताना चवडा बांधलेला आणि टाच मोकळी. माथ्यावर केसाळ पट्टी सोलायची, टाच पक्की करायची आणि उतरायचे. काहींना एकाच रुंद फळीवर आडवे उभे राहून उतरणे आवडते. त्यांची फळी लांबीतून दुभंगते: चढताना दोन स्की, उतरताना जोडून एक फळी. तिला स्प्लिटबोर्ड म्हणतात.

आता एक शिखर घेऊ. फ्रान्स आणि इटलीच्या सीमेवरचे माँ ब्लाँ, उंची सुमारे ४८०८ मीटर. पायथ्याला शामोनी हे गाव. १९०४ साली ह्यूगो मायलिउस मार्गदर्शकांसह स्कीच्या साहाय्याने या शिखरावर पोचला. आजही स्कीवाले ३०५१ मीटरवरच्या ग्राँ म्यूले येथील निवाऱ्यात रात्री थांबतात आणि मध्यरात्रीनंतर अंधारातच निघतात. कारण ऊन चढले की बर्फ भिजते, जड होते आणि सुटते. तीस अंशांहून उभ्या उतारावर एक थर निसटला की हिमलोट होतो.

त्यासाठी प्रत्येकाजवळ तीन वस्तू असतात: खुणेचा संदेश सोडणारे आणि शोधणारे छोटे यंत्र, बर्फात खुपसून पाहण्याची लांब सळई आणि फावडे. गाडल्या गेलेल्या माणसाला स्वतःच्या फावड्याचा काही उपयोग नाही. तो वाचतो सोबत्याच्या फावड्याने. पहिल्या दहा मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जगतात, अर्ध्या तासानंतर निम्मेही जगत नाहीत. खालून मदत येईपर्यंत एवढा वेळ नसतो. संघटनेचा अर्थ याहून सोप्या शब्दांत मला सांगता येणार नाही.

पण संकट आल्यावर खणणे ही एक गोष्ट आणि संकटाकडे न जाणे ही दुसरी. ऑगस्ट १८२० मध्ये रशियाचे शास्त्रज्ञ डॉ. हामेल याच शिखराकडे निघाले. हवा बिघडलेली होती, नवे बर्फ पडलेले होते. मार्गदर्शक पुढे जायला राजी नव्हते, तरी चढाई झाली. उतार तुटला आणि पिएर बाल्मा, पिएर कारिए व ओग्यूस्त तेराझ हे तीन मार्गदर्शक हिमनदीच्या भेगेत गाडले गेले. डॉक्टर वाचले. एक्केचाळीस वर्षांनी, १८६१ साली, हिमनदीने त्या तिघांचे अवशेष खाली आणून टाकले.

दुसऱ्याच वर्षी, १८२१ मध्ये, शामोनीच्या मार्गदर्शकांनी आपली संस्था उभारली. त्यांनी पाळी ठरवली: ज्याचा क्रम असेल तो गिऱ्हाइकाबरोबर जाईल. जखमींसाठी आणि मृतांच्या कुटुंबांसाठी त्यांनी निधी ठेवला. पुढे इंग्रज गिर्यारोहकांनी कुरकुर केली, की पाळीमुळे आम्हांला हवा तो कसलेला माणूस निवडता येत नाही. तक्रार अगदीच खोटी नव्हती. पण पाळीचा दुसरा गुण पाहा. ‘तू येत नसशील तर तुझा शेजारी येईल, आणि कमी पैशांत येईल’ ही धमकी तिच्यामुळे बोथट होते. घरच्या चुलीची काळजी थोडी कमी झाली, की माणसाला वर आकाशाकडे पाहून ‘आज नाही’ म्हणता येते.

मी ज्या कारखान्यांत काम केले, तिथे हेच पाहिले. टाकीत वायू साठला आहे, मी उतरत नाही, असे म्हणणाऱ्या बदली कामगाराचे नाव पुढच्या हजेरीतून गळते. त्याला धोका कळत नव्हता असे नाही. धोका सर्वांत आधी त्यालाच कळतो. त्याच्यामागे उभे राहणारे कोणी नव्हते, एवढेच. जीव धोक्यात आहे असे सकारण वाटून काम सोडून दूर झालेल्या कामगाराला शिक्षा होऊ नये, हे तत्त्व आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या करारात आले ते १९८१ साली. डोंगरावरची ती तीन माणसे त्याआधी एकशे एकसष्ट वर्षे गेली होती.

शिखर गाठणाऱ्याचे कौतुक जरूर करावे. तो दम आणि ते कौशल्य लहान नाही. पण शिखर दिसत असताना, पैसे ठरलेले असताना, ‘परत फिरा’ म्हणणाऱ्या रोजंदारीच्या माणसाचेही कौतुक आपण करायला शिकले पाहिजे. आणि नुसते कौतुक पुरत नाही. परत फिरल्यावरही त्याच्या घरी त्या रात्री भाकरी असेल, अशी व्यवस्था आपल्याला करावी लागेल.