मूळ प्रत न खोडता
(विद्यार्थी-पालक मेळाव्यातील भाषण)



आपल्यापैकी बरीच मुले आज संगणकाचे शिक्षण घेत आहेत. काहीजण दुकानांची, शाळांची, दवाखान्यांची संकेतस्थळे तयार करून शिक्षणाचा खर्चही भागवतात. ही आनंदाची गोष्ट आहे. या कामातील एका चांगल्या सवयीबद्दल मी आज बोलणार आहे. ती सवय नसेल तर तयार करणारा मोकळा होतो आणि नुकसान मात्र संस्थेचे होते.

प्रथम पालकांसाठी थोडे सांगतो. शाळेच्या प्रगतिपुस्तकाचा नमुना एकदाच ठरतो आणि गुण प्रत्येक मुलाचे वेगळे भरले जातात. वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला या व्यवस्थांची रचना अशीच आहे. सूचना, लेख, बातम्या हा मजकूर डेटाबेसमध्ये राहतो. तो पानावर कसा दिसावा हे थीम ठरवते. थीममधील एकेका नमुना-फाईलला टेम्प्लेट म्हणतात. वर्डप्रेस 2003 मध्ये सुरू झाले आणि थीमची सोय त्यात 2005 मध्ये आली.

आता अडचण कोठे येते ते पाहा. तयार थीम घेतली, पण शाळेला सूचनेखाली मुख्याध्यापकांचे नाव हवे आहे. घाईत असलेला मुलगा थीमची मूळ फाईल उघडतो आणि तिच्यातच बदल करतो. काम झाले, पैसे मिळाले. पुढे थीमची नवी आवृत्ती येते. ती चढवली की जुन्या फाईलींच्या जागी नव्या फाईली येतात आणि केलेला बदल पुसला जातो. म्हणून तो मुलगा संस्थेला बजावतो, "अपडेट कधीही करू नका." मित्रहो, हा सल्ला सर्वांत घातक आहे. नव्या आवृत्तीत पुष्कळदा सुरक्षेच्या त्रुटी दुरुस्त केलेल्या असतात. अपडेट थांबवणे म्हणजे कुलूप बिघडल्याचे कळूनही ते तसेच ठेवणे होय. त्या संकेतस्थळावर पालकांचे फोन नंबर आणि मुलांची माहिती असू शकते, हे विसरू नका.

यावर उपाय सोपा आहे. मूळ प्रत कपाटात ठेवून आपण झेरॉक्सवर दुरुस्ती करतो, तसेच हे आहे. वर्डप्रेसमध्ये याला चाइल्ड थीम म्हणतात. वेगळे फोल्डर करायचे, त्यात स्टाइल डॉट सीएसएस ही फाईल ठेवायची आणि तिच्या माथ्यावर 'टेम्प्लेट' या ओळीत मूळ थीमच्या फोल्डरचे नाव लिहायचे. मग जी टेम्प्लेट बदलायची, तेवढीच त्याच नावाने आपल्या फोल्डरात आणून बदलायची. वर्डप्रेस आधी आपली फाईल पाहते, ती नसेल तर मूळ थीमची घेते. यालाच टेम्प्लेट ओव्हरराइड म्हणतात. मूळ थीम कितीही वेळा नवी झाली तरी आपली फाईल जागच्या जागी राहते.

विद्यार्थ्यांनी यातील तीन बारकावे लक्षात ठेवावेत.

पहिला, शोध विशेष नावाकडून सामान्य नावाकडे जातो. एखाद्या वर्गवारीचे पान दाखवताना त्या वर्गवारीच्या नावाची फाईल, मग कॅटेगरी, मग आर्काइव्ह आणि शेवटी इंडेक्स असा क्रम असतो. आपण चाइल्ड थीममध्ये आर्काइव्ह ठेवली आणि मूळ थीममध्ये कॅटेगरी असली, तर मूळ थीमचीच फाईल वापरली जाते. "बदल केला, पण दिसत नाही" या तक्रारीचे हे एक कारण असते.

दुसरा, फंक्शन्स डॉट पीएचपी या फाईलला हा नियम लागू नाही. तेथे दोन्ही फाईली चालतात, आधी आपली आणि नंतर मूळ. म्हणून ती संपूर्ण नकलून आणली तर एकाच नावाची फंक्शने दोनदा येऊन संकेतस्थळ बंद पडू शकते. त्यात फक्त आपली भर घालावी.

तिसरा, नक्कल जुनी होते. मूळ टेम्प्लेटमध्ये पुढे दुरुस्ती झाली तरी आपल्या प्रतीत ती आपोआप येत नाही. वूकॉमर्सच्या टेम्प्लेटवर आवृत्तीचा क्रमांक लिहिलेला असतो आणि प्रत जुनी झाली की त्याचा स्थितीदर्शक अहवाल तसे दाखवतो. इतरत्र आपणच वहीत नोंद ठेवावी: कोणती फाईल, कोणत्या तारखेला, कशासाठी बदलली. जेवढ्या कमी फाईली आणाल, तेवढी देखभाल कमी.

जानेवारी 2022 मधील 5.9 या आवृत्तीपासून वर्डप्रेसमध्ये नव्या प्रकारच्या ब्लॉक थीमच्या टेम्प्लेट पडद्यावरच बदलता येतात. तो बदल डेटाबेसमध्ये साठतो आणि थीमच्या फाईलपेक्षा वरचढ ठरतो. येथेही मूळ फाईल अबाधितच राहते.

आपल्या शाळांना उपयोगी अशी आणखी एक गोष्ट सांगतो. संकेतस्थळाची भाषा उर्दू ठेवली, तर वर्डप्रेस चालू थीमच्या फोल्डरात, म्हणजे आपल्या चाइल्ड थीममध्ये, आरटीएल डॉट सीएसएस ही फाईल शोधते. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीसाठी मांडणीचे नियम तेथे लिहिता येतात. त्यासाठीही मूळ थीमला हात लावावा लागत नाही.

पालकांना आणि संस्थाचालकांना माझी विनंती आहे की काम स्वीकारताना दोन प्रश्न जरूर विचारा. "अपडेट केल्यावर हे टिकेल काय?" आणि "बदलांची यादी कोठे आहे?" उत्तर देणारा मुलगा आपल्या मोहल्ल्यातला असला तरी विचारा. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यानंतर ते काम जो हाती घेईल, त्याला तुमची वही पाहून सारे समजले पाहिजे. तुमच्या नावावर पुढचे काम त्यामुळेच मिळेल.