शेंद्र्याच्या माळावरची कार्तिकातली बाग



छत्रपती संभाजीनगरहून जालना रस्त्यानं शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत शिरलं की कारखान्यांच्या दारात कापलेली हिरवळ दिसते. पलीकडे, बांधकाम न झालेल्या भूखंडांवर मात्र पावसाळ्यात आपसूक उगवलेलं गवत असतं. कार्तिकात ते पिकून तांबूस-पिवळं होतं. लोक त्याला पडीक रान म्हणतात. मला मात्र मराठवाड्याला साजेशी बाग तिथंच दिसते.

जरा आत शिरून पाहा. मारवेल गवताचे तुरे हाताच्या बोटांसारखे फाकलेले असतात. मधूनमधून कुरडूची गुलाबी-पांढरी कणसं उभी असतात. एखादं वाळलेलं तळहातावर चोळलं, तर काळं चकचकीत बी सांडतं. कडेला तरवड पिवळा फुललेला असतो. दाणे टिपायला मुनियांचे थवे उतरतात.

आणि कुसळी! तिच्या बियेचं टोक अणकुचीदार, त्यावर उलट्या दिशेची केसाळ लव आणि मागे लांब, पीळ पडलेलं कुसळ. एक कुसळ ओल्या तळहातावर ठेवा. पाणी लागताच पीळ सुटू लागतो आणि कुसळ गरगर फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. माळावर दव पडतं, ऊन चढतं, आणि या उलटसुलट फिरण्यातून बी मातीत घुसतं. उलटी लव त्याला मागे सरकू देत नाही. म्हणजे वाळलेलं गवत मेलेलं नसतं. त्याची पेरणी चालू असते.

हे सौंदर्य ओळखून नेदरलँड्सचे उद्यानरचनाकार पीट औडॉल्फ यांनी बागा रचल्या. त्यांनी लागवड रचलेली शिकागोची लुरी गार्डन 2004 साली खुली झाली. न्यूयॉर्कमध्ये वापरातून गेलेल्या उन्नत रेल्वेमार्गावर 2009 पासून हाय लाइन उद्यान खुलं होत गेलं; तिथली लागवडही त्यांचीच. दोन्हीकडे बहुवर्षायू फुलझाडं आणि गवतं हिवाळाभर वाळलेलीच उभी ठेवतात आणि वसंताच्या तोंडावर कापतात. लुरी गार्डनची प्रेरणा अमेरिकेतल्या प्रेअरी गवताळ माळांची.

आपल्याकडे तर माळ दारातच आहे. आपल्या शहराला पाणी जायकवाडी धरणातून उपसून आणावं लागतं, आणि दारची हिरवळ उन्हाळाभर पाणी मागते. माळाचं गवत मात्र पावसाच्या पाण्यावर वाढतं. उन्हाळ्यात वरून वाळलं तरी बुडखा जिवंत राहतो, मुळं माती धरून ठेवतात आणि पहिल्या सरींबरोबर फुटवे येतात.

म्हणून कारखान्यांच्या बागा सांभाळणाऱ्यांना माझी विनंती आहे. आवाराचा एक कोपरा मारवेल, पवन्या गवत आणि कुरडूला द्या. तो हिवाळाभर उभा राहू द्या, फाल्गुनात कापा. वाळलं गवत पेट घेतं, म्हणून इमारतीलगत आणि विजेच्या यंत्रांभोवती रुंद पट्टा मोकळा ठेवा. शेळ्यामेंढ्या चरतात तिथं कुसळी लावू नका. तिची कुसळं लोकरीत शिरून कातडीला टोचतात. कापलेलं गवत जाळू नका, झाडांच्या बुंध्याशी पसरा.

कार्तिकात बी पिकलेलं असतं. सकाळचं दव उडालं की गोळा करा, सावलीत वाळवा, कापडी पिशवीत ठेवा आणि मृगाचा पाऊस पडला की भुसभुशीत केलेल्या जमिनीवर फेका. पुढच्या कार्तिकात ही बाग तुमच्या आवारात असेल.