जेट स्कीचं अ‍ॅव्हरेज किती?

कानात इअरफोन घालून लोकलमध्ये असाल, भांडी घासत असाल किंवा ऑफिसात मीटिंग म्यूट करून ऐकत असाल, तर स्वागत. आजचा विषय माझ्या एका गाढवपणातून आलाय.

आपल्याकडे नवीन गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला. अ‍ॅव्हरेज किती? माझ्या मावसभावाने देवबागला सेकंडहँड जेट स्की घेतली तेव्हा मीही हेच विचारलं. (तसं 'जेट स्की' हे कावासाकीचं ब्रँडनेम आहे. याची आहे सी-डू स्पार्क. पण आपण टूथपेस्टला कोलगेट म्हणणारी माणसं, त्यामुळे चालू द्या.) तो म्हणाला, "पाण्यात अ‍ॅव्हरेज नसतं दादा, तासाला किती पिते ते विचार."

मी इंजिनिअर, म्हणून लगेच हिशोब मांडला. इंजिन ९० हॉर्सपॉवरचं, म्हणजे साधारण ६७ किलोवॅट. फुल थ्रॉटलला पेट्रोल इंजिन एका किलोवॅट-तासाला ३०० ग्रॅमच्या आसपास पेट्रोल खातं. म्हणजे तासाला २० किलो, लिटरमध्ये २७. आणि टाकी केवढी? ३० लिटर. म्हणजे कान पिळून ठेवला तर तासाभरात टाकी कोरडी. हे गणित मला येत होतं, लक्षात ठेवा. तरीही पुढचं घडलं.

मार्च महिना होता. सकाळी देवबागच्या संगमावरून आम्ही दोघं वेंगुर्ल्याकडे निघालो. जीपीएसवर २२ किलोमीटर भरलं. समुद्र आरशासारखा, त्यामुळे भाऊ सुसाट. तिथे पोचल्यावर हौस म्हणून थोडे गोल गोल फिरलो, नाश्ता केला, गप्पा मारल्या. निघताना काटा बघितला तर निम्मी टाकी शिल्लक. मी म्हटलं, बास की! मजा मारूनसुद्धा निम्मीच गेली, परत जायला निम्मी पुरेल.

दुपारी वारा सुटला. शाळेत भूगोलात खारे वारे, मतलई वारे पाठ केले होते ना, तेच. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून वारा आत येतो. त्या दिवसांत कोकण किनाऱ्यावर तो दुपारी बहुतेक वायव्येकडून असतो, आणि वेंगुर्ल्याहून देवबाग नेमकं वायव्येला. म्हणजे वारा तोंडावर, लाटा तोंडावर. स्की आपटायला लागली. मी मागून ओरडलो, "हळू घे, पेट्रोल पण वाचेल!"

मंडळी, हीच ती चूक.

रस्त्यावर हळू म्हणजे स्वस्त, असं आपलं डोकं चालतं. पाण्यात गोष्ट वेगळी आहे. अगदी सावकाश जाताना बोट पाण्यात बसलेली असते, पाणी बाजूला ढकलत जाते. वेग वाढला की ती पाण्यावर चढते आणि पृष्ठभागावरून घसरत जाते. याला प्लेनिंग म्हणतात. या दोन्हींच्या मधला टप्पा सगळ्यात वाईट. तिथे बोट नाक वर करून स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायची धडपड करत असते. दुसऱ्या गिअरमध्ये घाट चढल्यासारखं, फक्त हा घाट संपतच नाही. आम्ही १८-२० च्या स्पीडने बरोबर याच घाटात अडकलो होतो.

निवतीजवळ आलो आणि डिस्प्लेने बीप दिला. लो फ्युएल. देवबाग अजून सातआठ किलोमीटर. कदाचित पुरलंही असतं. पण समोर फेसाळलेलं पाणी, आणि ह्या यंत्राची गंमत अशी की थ्रॉटल सोडलं की वळतही नाही. पंप पाणी मागे फेकतो म्हणून ती वळते. पंप बंद, तर स्टिअरिंग शोभेचं. आम्ही गपचूप निवतीच्या किनाऱ्याला लावली आणि काकांना फोन केला.

काका कर्ली नदीला वळसा घालून, दीड तासाने कॅन घेऊन आले. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "टाकी बघलंस. वारो बघलंस काय रे?"

ते वाक्य डोक्यातून जाईना. पुढच्या सुट्टीत आम्ही खाडीच्या शांत पाण्यात मोजूनच काढलं. टाकी काठोकाठ भरायची, एकाच वेगाने दहा किलोमीटर जायचं, मग परत काठोकाठ भरताना किती लागलं ते बघायचं. दोघं बसलेले असताना आमच्या स्कीचे आकडे असे आले:

१८ च्या स्पीडला साडेपाच लिटर.
४२ च्या स्पीडला अडीच लिटर.
७५ ला, म्हणजे जवळपास फुल, ३.६ लिटर.

आता तासाचा हिशोब करा. १८ ला आणि ४२ ला तासाला जवळपास सारखंच, दहा लिटर जातं. पण एकीकडे १८ किलोमीटर होतात, दुसरीकडे ४२! म्हणून नुसतं 'तासाला किती' विचारूनही भागत नाही. लिटरला किलोमीटरने भागा. तुमचे आकडे वेगळे येतील. वजन, लाटा, पंपाच्या जाळीत अडकलेला जाळ्याचा तुकडा, सगळ्याने फरक पडतो. पण आकार हाच राहील: मध्ये उंचवटा, त्यानंतर खोलगट जागा, मग परत चढ. नाक खाली आलं, स्की सपाट धावायला लागली, की तिथून थोडंच वर थांबा. तीच खोलगट जागा.

आणि लाटांमुळे तो वेग धरता येत नसेल तर? अजिबात हिरोगिरी नको. हळूच या, पण दुप्पट पेट्रोल लागणार हे निघतानाच धरून चाला. त्यासाठी दर्यावर्दी लोकांचा जुना नियम आहे: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश हातात. ३० ची टाकी म्हणजे १० लिटर संपले की वळायचं. ठिकाण आलं असो वा नसो. गोल गोल फिरायची हौसही त्याच दहातून. आणि जमलं तर जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, येताना तो पाठीवर असू दे.

रस्त्यावर पेट्रोल संपलं तर ढकलत पंपापर्यंत जाता येतं. समुद्रात ढकलायला जमीन नसते.

भाऊ आता निघण्याआधी काटा बघतो आणि मग मान वर करून माडांच्या झावळ्या कुठल्या बाजूला झुकल्यात ते बघतो. तुम्हीही बघा. भेटू पुढच्या भागात, तोवर टाकीत एक तृतीयांश राहू द्या!