रंगो बापूजींची वकिली



वकील म्हटले की काळा कोट आठवतो. रंगो बापूजी गुप्ते हे वकील निराळ्या अर्थाने. साताऱ्याच्या छत्रपतींचे गाऱ्हाणे परमुलखात मांडणारे. १८३९ साली कंपनी सरकारने प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीला धाडले. त्यांचा न्याय मागण्यासाठी रंगोबा लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथे झगडले. अर्ज दिले, पत्रके छापली. इकडे १८४७ मध्ये महाराज वारले, १८४८ मध्ये राज्यच खालसा झाले. अशील गेला, दावा गेला. वकील हटला नाही.

परतल्यावर त्यांनी अर्ज सोडले, माणसे जमविली. १८५७ मध्ये कट फुटला. ८ सप्टेंबरला साताऱ्याच्या गेंडामाळावर सतरा जणांना देहान्त शासन झाले. त्यांत रंगोबांचा मुलगा सीताराम होता. ते स्वतः निसटले, ते पुन्हा सरकारच्या हाती लागले नाहीत.

आम्ही चळवळीतली माणसे यातून एक हिशेब मांडतो. लंडनमध्ये अर्ज होता, पाठीशी संघटित लोक नव्हते. साताऱ्यात लोक होते, पण लपूनछपून जमवावे लागलेले. दोन्ही एका जागी कधी आलेच नाहीत.

करावे गावाला हे समजावून सांगायला नको. नवी मुंबईसाठी ९५ गावांच्या जमिनी घेण्याचे ठरले, तेव्हा दि. बा. पाटील हे वकील कायदा जाणत होतेच. पण १९८४ साली उरण भागात हजारो शेतकरी रस्त्यावर आले, पाच जणांनी प्राण दिले, तेव्हा कोठे साडेबारा टक्के जमिनीचा हक्क पदरात पडला.

अर्ज लिहिणारा हवाच. त्याच्यामागे गाव उभे हवे, आणि तेही उघडपणे.