फिरत्या शाहिराचा संसार



या व्याख्यानमालेत पंडितांनी बोलावे असा आजवरचा प्रघात. आम्हांस उभे राहून बोलण्याची सवय नाही. उभे राहून गाण्याची आहे. कार्यवाहांनी आम्हांला विषय दिला तो ‘शाहिरीची परंपरा’ हा. आम्ही त्यांना कळविले की, परंपरेवर बोलणारे पुण्यामुंबईत पुष्कळ आहेत. ती परंपरा एस. टी.च्या ज्या टपावरून हिंडली त्या टपाविषयी बोलू देत असाल तर येतो. त्यांनी ते मोठ्या मनाने मान्य केले.

प्रथम एक खुलासा. आम्ही ‘आम्ही’ म्हणतो ते मोठेपणासाठी नव्हे. आम्ही सहा जण होतो: गाणी रचून गाणारा एक, ढोलकीवाला, पेटीवाला, तुणतुणेवाला आणि दोन झीलकरी. शाहिराने ‘मी’ म्हटले की झीलकऱ्याचा गळा त्यातून वगळला जातो, आणि झील नसेल तर पोवाडा दुसऱ्या चौकातच धापा टाकू लागतो.

१९६८ साली आम्ही घराबाहेर पडलो. तेव्हा गावोगाव जावयाचे म्हणजे मुक्कामी गाडीने. दिवस मावळताना ती शेवटच्या गावी पोचावयाची, ड्रायव्हर-कंडक्टर तेथेच झोपावयाचे, आणि पहाटे तीच गाडी आम्हांला पुन्हा तालुक्याला घेऊन यावयाची. पेटी टपावर चढविताना पेटीवाला स्वतः शिडीवर उभा राही, आणि गाडी प्रत्येक खड्ड्यात आदळली की त्याचा चेहरा पाहवत नसे. धुळीने पेटीचा एखादा सूर अडकला तर रात्रभर तो सूर टाळून गावे लागे. ऐकणाऱ्याला वाटे, शाहिराने काय नवी चाल बांधली आहे!

डफाचे दुखणे निराळे. दमट हवेत त्याचे कातडे सैल पडते आणि थाप मारली की भांड्यावर ओले फडके आपटल्यासारखा आवाज येतो. मग काटक्यापाचोळ्याचा जाळ करून डफ त्यावर धरावयाचा, जपून धरावयाचा, आणि बोटाने टिचकी मारीत ऐकत राहावयाचे. गावची पोरे याच वेळी गोळा होत. कित्येक गावी आमचा खरा कार्यक्रम या शेकोटीपाशीच सुरू झाला आहे.

गळ्याला मात्र शेकोटी चालत नाही. त्याला ज्येष्ठमध, मीठ घातलेल्या गरम पाण्याच्या गुळण्या, आणि मुख्य म्हणजे झोप. पहिल्या दोन वस्तू पिशवीत मावतात. गाण्याआधी पोटभर जेवता येत नाही, आणि गाणे संपते रात्री एकला. तेव्हा यजमान मोठ्या प्रेमाने उठवून बसवितो आणि गार भाकरीवर ठेचा वाढतो. नाही म्हणणे हा त्याचा अपमान, आणि खाणे हा उद्याच्या गळ्याचा. आम्ही बहुधा खाल्ले. मग शाळेच्या वर्गात बाक बाजूला सारून, फळ्यावरच्या पाढ्यांखाली, सहा वळकट्या पडत.

बिदागीचे फार सांगण्यासारखे नाही. सुपारी ठरताना आकडा एक, हातावर पडताना दुसरा. त्यातून सहा वाटे, गाडीभाडे, आणि उरले तर मनिऑर्डर. आमच्या थोरल्या मुलाचा जन्म आम्हांला अकराव्या दिवशी कळला. बारशाला आम्ही पोचलो नाही. त्या घरातल्या बाईने कधी तोंडावाटे तक्रार केली नाही. परंतु मुलाने एकदा शाळेच्या निबंधात ‘माझे वडील पाहुणे आहेत’ असे लिहिले, आणि तो कागद तिने काही न बोलता आमच्या पुढ्यात ठेवला.

हे आमच्याच वाट्याला आले असे नाही. रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी घरची कुलकर्णकी सोडून तमाशाच्या फडात आले आणि पठ्ठे बापूराव झाले. ज्यांच्या लावण्यांनी फड चालले ते १९४५ साली विपन्नावस्थेत वारले. बार्शीचे अमर शेख, ज्यांचा आवाज मैदानाच्या दुसऱ्या टोकाला कर्ण्याशिवाय पोचे म्हणतात, ते १९६९ साली मोटार-अपघातात गेले. रस्त्यानेच त्यांना नेले. आणि सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे वामनदादा कर्डक! मोठेपणी, मुंबईत, अक्षरे शिकलेला हा माणूस हजारो गाणी रचीत २००४ पर्यंत जगला, आणि ते जगणे बहुतेक खेड्यापाड्यांच्या वाटेवरच झाले. त्यांच्या १९७३ सालच्या संग्रहाचे नावच ‘वाटचाल’ आहे. त्यांनी पुष्कळ गाण्यांच्या शेवटी ‘वामन’ हे नाव गुंफले. ते का, हे फिरत्या माणसालाच कळेल. आम्ही गाव सोडले की गाणे मागे राहते. त्याच्या गळ्यात आपल्या नावाची चिठ्ठी बांधून ठेवणे, एवढेच हाती असते.

ही चिठ्ठी आमच्याही गाण्यांना असे. आता तिच्याविषयीची एक गोष्ट सांगतो. ती सांगण्यासाठीच आम्ही हे निमंत्रण घेतले.

१९७२ चा पाऊस गेला होता. १९७३ च्या चैत्रात आम्ही सांगोल्याच्या बाजूला होतो. जत्रा ओस पडलेल्या, सुपाऱ्या नाहीत. तरी माणसे होती ती सारी दुष्काळी कामावर. एका पाझर तलावाच्या कामावर आम्ही भर दुपारी जाऊन बसलो. बाया डोक्यावर पाट्या घेऊन बांधावर चढत होत्या. जेवणाच्या सुट्टीत त्या सुकडी आणि तांबड्या मिलोच्या भाकरीविषयी बोलू लागल्या, आणि मग मुकादमाविषयी. हजेरीपटावर गावात नसलेल्यांची नावे, आणि असलेल्यांच्या खड्ड्याचे माप कमी. ढोलकीवाल्याने दगडावर ताल धरला आणि तासाभरात सहा कडव्यांचे गाणे झाले. पाचवे कडवे मुकादमाचे. शब्द निम्मे त्या बायांचे होते. आम्ही ते ओळीत बसविले आणि शेवटच्या कडव्यात आपले नाव घातले. बाया हसून हसून पुन्हा म्हणावयास लावीत होत्या. त्यांतल्या एका म्हातारीला ते तिथेच पाठ झाले.

रात्री देवळापुढे कार्यक्रम. जेवणाची आणि बिदागीची सोय गावातल्या एका वजनदार गृहस्थांनी केली होती. मुकादम त्यांचा भाचा, हे आम्हांला तेव्हा कळले. त्यांनी दटावले नाही, धमकावले नाही. इतकेच म्हणाले, “शाहीर, गाणं झकास आहे. ते पाचवं तेवढं राहू द्या. पोरगं लहान आहे.” आणि आमच्या झीलकऱ्याच्या पानात स्वतः भात वाढला. चार दिवसांत आम्ही भात पाहिला नव्हता.

आम्ही पाचवे कडवे म्हटले नाही. चौथ्यावरून सहाव्यावर आलो. आमच्या नावाचे कडवे तेवढे म्हटले. समोर बाया बसल्या होत्या. त्या कडव्याच्या जागी ढोलकीचा हात क्षणभर अडखळला. येथे ‘आम्ही’ म्हणजे कोण, हे त्या ढोलकीवाल्याने आमच्याशी पुढे चार दिवस न बोलून आम्हांला सांगितले.

पहाटे गाडीपाशी ती म्हातारी उभी होती. कामावर जाता जाता थांबलेली, डोईवर पालथी पाटी. म्हणाली, “दादा, त्ये मुकादमाचं का नाय म्हनलं राती?” आम्ही घसा बसल्याचे सांगितले. ती म्हणाली, “असंल.”

पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा झाला, मागेल त्याला काम हे तत्त्व कायद्यात आले. सभांतून आम्ही त्याचे पोवाडे गाइले, मानधनही मिळाले. आमच्या गाण्यांची चोपडी निघाली तीत हे गाणे आहे. पाच कडव्यांचे आहे. छापावयास देताना ते कडवे घालावे असे मनात आले होते. पण ज्या गावी ते म्हणावयाचे तेथे म्हटले नाही, ते पुस्तकात कोणत्या तोंडाने छापावे?

चोपडीनंतर बऱ्याच वर्षांनी माण तालुक्यात एका गावी मुक्काम पडला. संध्याकाळी शेजारच्या वस्तीवर बाया निवडीत बसल्या होत्या आणि गात होत्या. चाल ओळखीची वाटली म्हणून आम्ही कुडाशी उभे राहिलो. आमचेच गाणे. पहिली कडवी बरीच बदललेली, दोन तर गळालेली. पण पाचवे पुरे होते, आणि त्यात मुकादमाच्या जोडीला आता ठेकेदारही आला होता. शेवटच्या कडव्यात आमचे नाव नव्हते. तेथे कोणा बाईचे नाव होते.

आम्ही विचारले, ही कोण? एक म्हणाली, “सांगोल्याकडची हुती म्हातारी. गानं तिनंच केलंय की.”

ढोलकीवाला आमच्याबरोबर होता. तो काही बोलला नाही. त्याने कुडावर दोन बोटांनी ताल धरला, आणि त्या बायांनी तो ऐकून पाचवे कडवे पुन्हा उचलले. या खेपेस झील आम्ही धरली. मुक्कामी गाडी पहाटे साडेपाचला सुटणार होती, म्हणून नंतर लौकर निजलो.