न खाणाऱ्याचे दोन शब्द

आज मी डुकराबद्दल बोलणार आहे. विषय कळवायला फोन केला तेव्हा पलीकडून थोडा वेळ आवाजच आला नाही. मग प्रश्न आला, "तुम्ही? डुकराबद्दल?" प्रश्न रास्त होता. मी मुसलमान. डुकराचे मांस मी खाल्लेले नाही आणि खाणारही नाही. जे आपल्या ताटात येत नाही त्याबद्दल आपण कशाला बोलावे, असे मलाही वाटत होते. पण गेल्या दोन-तीन वर्षांत काही गोष्टी पाहण्यात आल्या आणि गप्प बसवेना.

सुरुवात लहानपणापासून करतो. डोंबिवलीत राहायला येण्याआधी आमचे घर कल्याणला होते. घरात या प्राण्याचे नावही घेत नसत. नाव उच्चारले तर चाळीस दिवस जीभ नापाक राहते, अशी समजूत होती. 'ते जनावर' एवढेच म्हणायचे. मी नऊ-दहा वर्षांचा असेन. खाडीकडे जाणाऱ्या नाल्यात एक डुकरीण पिलांना घेऊन लोळत असे आणि आम्ही पोरे तिला दगड मारत असू. एकदा माझा दगड एका पिलाच्या मागच्या पायावर बसला. ते जे किंचाळले, तो आवाज मला आजही ऐकू येतो. मला वाटले होते, आता सगळी पळतील. डुकरीण पळाली नाही. पिलाच्या आणि आमच्या मध्ये येऊन उभी राहिली. पळालो आम्हीच, आणि पळताना मी त्याच चिखलात तोंडावर आपटलो.

घरी अम्माने अवतार पाहूनच सगळे ओळखले. आम्ही कोकणी मुसलमान, शाफई पंथाचे. डुकराचा संसर्ग झाला की सात वेळा धुवायचे, त्यातल्या एका पाण्यात माती कालवायची, असा आमच्यात नियम आहे. तो सोहळा पार पडला आणि मग तिने माझ्या कानाखाली एक वाजवली. मला वाटले, नाल्याकडे गेलो म्हणून. ती म्हणाली, "खायचं नाही, एवढंच सांगितलंय आपल्याला. मारायचं कुणी सांगितलं?"

हे बोलणे मी चाळीस वर्षे विसरलो होतो. ते परत आठवले ते वसईच्या माझ्या मित्रामुळे. तो कॅथलिक आहे, निवृत्त शिक्षक आहे आणि मराठीत कविता लिहितो. आमची ओळख कविसंमेलनातली. दर नाताळला मी त्याच्याकडे जेवायला जातो. त्यांच्या घरी त्या दिवशी डुकराच्या मांसाचे इंद्याल असते, सोरपोतेल असते. माझ्यासाठी हलाल दुकानातून आणलेली कोंबडी वेगळ्या भांड्यात, वेगळ्या डावाने शिजते. त्याची बायको ती भांडी माझ्यासाठी वेगळीच ठेवते. तीन वर्षांपूर्वी जेवता जेवता तो म्हणाला, "मी आता हे मांस कुठूनही आणत नाही. एकदा माझ्याबरोबर चल, का ते दाखवतो." मी जरा का-कू केली. अखेर गेलो.

त्याने मला दोन जागा दाखवल्या. पहिला एक मोठा फार्म होता. स्वच्छ, पांढऱ्या फरशीचा, वास म्हणावा तर आमच्या नाल्याच्या पावपटसुद्धा नाही. आत लोखंडी नळ्यांच्या चौकटींची रांग होती आणि प्रत्येक चौकटीत एक गाभण मादी. चौकट सुमारे दोन फूट रुंद आणि सात फूट लांब. मादी उभी राहू शकते, बसू शकते, आडवी होऊ शकते. वळू मात्र शकत नाही. डुकरिणीचा गर्भकाळ ११४ दिवसांचा. तीन महिने, तीन आठवडे, तीन दिवस असे पाठ करायला सोपे गणित आहे. विण्याच्या वेळी तिला तशाच दुसऱ्या चौकटीत हलवतात, म्हणजे पिले अंगाखाली चिरडू नयेत. पिले तोडली की पुन्हा गाभण, पुन्हा पहिली चौकट.

एक मादी विण्याच्या बेतात होती. पुढच्या पायाने ती सिमेंट उकरत होती. थांबायची, नळी तोंडात धरून चावायची, पुन्हा उकरायची. मी तिथल्या माणसाला विचारले, हिला काही दुखते आहे का? तो सहज म्हणाला, "नाही, घर बांधतेय." मोकळी डुकरीण विण्याआधी गवत, काटक्या, पाला तोंडाने गोळा करून खळगा करते आणि त्यात विते. इथे गवत नाही, जागा नाही. पण अंगातली ओढ जात नाही. माणूस वाईट नव्हता. पिलांना हळू हाताने उचलत होता. त्याला जे शिकवले ते तो करत होता.

मी स्वतःला कवी म्हणवतो. पण त्या उकरण्याबद्दल अजून एक ओळ लिहिता आलेली नाही.

दुसरी जागा आतल्या बाजूला, एका कुटुंबाची. सहा-सात माद्या, विटांचा गोठा, खाली भाताचा पेंढा, पुढे उघडे आवार आणि चिखलाचा एक खड्डा. डुकराला आपल्यासारखा घाम येत नाही, म्हणून उन्हात ते चिखलात लोळते. आपण त्याला घाण म्हणतो. त्याच्या दृष्टीने तो पंखा असतो. पुरेशी जागा दिली तर ते झोपायची जागा आणि हागायची जागा कटाक्षाने वेगळी ठेवते, हे मी त्या आवारात पाहिले. आमच्या सोसायटीतल्या काही मंडळींना ते दाखवायला हवे होते.

घरी येऊन मी थोडे वाचन केले. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. चार डुकरांना त्यांनी नाकाने जॉयस्टिक हलवून पडद्यावरचा ठिपका सरकवायला शिकवले होते. इतक्या डोक्याच्या जनावराला रिकाम्या कोंडवाड्यात ठेवले की ते कंटाळून शेजाऱ्याचे शेपूट चावते. त्यावर कारखानदारीने उपाय काढला तो असा की पिलांची शेपटेच छाटून टाकायची.

ही पद्धत आपल्याकडे मुळातली नाही. गोव्यात घरामागे डुकरे असत. शौचकूपाखाली मोकळी फिरत, हे पर्यटकांच्या विनोदाचा विषय होते. तिथली 'आगोंदा गोवन' ही काळी जात आज देशी जात म्हणून नोंदलेली आहे. पंचवार्षिक योजनांच्या काळात सरकारने परदेशी पांढरी यॉर्कशायर डुकरे आणून पैदास केंद्रे काढली, बेकनचे कारखाने काढले. त्यातला एक आपल्या बोरिवलीत होता. २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ९० लाख डुकरे मोजली गेली, त्यातली २१ लाख एकट्या आसामात. यातली बहुतेक अजूनही लहान कुटुंबांकडे आहेत. म्हणजे आपल्याला अजून निवड करता येते.

पण 'मोकळे' म्हणजे 'सुखी' असे समजून चालणार नाही. आमच्याकडे रुळांच्या कडेला जी डुकरे फिरतात ती प्लास्टिक खातात, मैला खातात. त्यांच्या मांसातून माणसाच्या पोटात पट्टकृमी जातो. तशा माणसाच्या विष्ठेतली कृमीची अंडी हात-पाण्यावाटे कुणाच्या पोटात गेली तर मेंदूत गाठी होऊन फिट्स येऊ शकतात. आणि ती पकडली जातात कशी, तेही मी पाहिले आहे. चारही पाय बांधून, मोटारसायकलच्या मागे उलटे टांगून, भर दुपारी कल्याण रोडने. लोक नाक दाबतात आणि पकडणाऱ्याला शिव्या देतात.

त्या पकडणाऱ्याबद्दल बोलल्याशिवाय पुढे जाता येत नाही. नागराज मंजुळे यांचा २०१३ चा 'फँड्री' तुम्ही पाहिला असेल. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर. गावाला डुक्कर नकोसे होते म्हणून जब्याच्या घरच्यांना ते पकडायला लावतात आणि पकडतात म्हणून त्यांनाच हिणवतात. ऐन पकडण्याच्या वेळी शाळेत राष्ट्रगीत सुरू होते, सगळे जागच्या जागी उभे राहतात आणि डुक्कर निसटते. प्राण्यांवर दया करा असे सांगणारा वर्ग आणि हे काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या गळ्यात बांधले गेले तो वर्ग, यांची भेट आपल्याकडे क्वचितच होते. माझ्या मित्राला दुसऱ्या जागेचे मोल वाटते ते यामुळेही. तिथे पाळणाऱ्याला किलोमागे बरा भाव मिळतो आणि गिऱ्हाईक घरी येऊन चहा पिते.

मित्र आता दुकानदाराला काही प्रश्न विचारतो. माल कुठून आला? माद्या बांधलेल्या असतात की वळू-फिरू शकतात? खाली पेंढा असतो का? खायला काय देतात, हॉटेलचे उष्टे की धान्य-कोंडा? मारण्याआधी बेशुद्ध करतात का? सुरुवातीला दुकानदार हसायचे. दोघांनी उत्तर दिलेच नाही, त्यांच्याकडे जाणे त्याने बंद केले. एकाने पुढच्या खेपेस चौकशी करून सांगितले. हे मांस महाग पडते, हे तो लपवत नाही. जनावर हळू वाढते, जागा जास्त लागते. म्हणून पूर्वी महिन्यातून चारदा व्हायचे ते आता एकदा होते.

कायद्याचे म्हणाल, तर १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आहे. जनावराला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात कोंडणे, हा त्याच्या अकराव्या कलमाखाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. हो, बरोबर ऐकलेत. पन्नास रुपयांत आज डोंबिवली स्टेशनबाहेर दोघांचा वडापाव-चहा धड होत नाही. कत्तलखान्यांचे २००१ चे नियम आहेत. एका जनावरासमोर दुसरे मारू नये, गाभण जनावर मारू नये, असे त्यात आहे. ब्रिटनने गाभण माद्यांच्या चौकटी १९९९ मध्ये बंद केल्या. युरोपीय संघाने २०१३ पासून गर्भकाळाचे पहिले चार आठवडे सोडून त्यावर बंदी घातली. कॅलिफोर्नियात २०१८ साली मतदारांनी मतपेटीतून तसा कायदा केला आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला. तिथे डुक्कर खाणाऱ्यांनीच ही मते दिली, हे मला महत्त्वाचे वाटते.

आपल्याकडे चर्चा वेगळीच चालते. ऑगस्ट २०२५ मध्ये आमच्या कल्याण-डोंबिवली महापालिकेने स्वातंत्र्यदिनी चोवीस तास कत्तलखाने आणि मांसाची दुकाने बंद ठेवण्याचा आदेश काढला आणि आमचे शहर देशभर गाजले. पालिका १९८८ च्या ठरावाकडे बोट दाखवत होती. विरोधक विचारत होते, आम्ही काय खायचे हे तुम्ही कोण ठरवणार? मला स्वतःला ती बंदी पटली नव्हती. पण त्या सगळ्या गदारोळात, उरलेले ३६४ दिवस ती जनावरे कशी जगतात, यावर कुणी अवाक्षर काढले नाही. खाण्याचा हक्क आणि न खाण्याचा अभिमान, दोन्हीकडे जनावर गैरहजर.

आमच्या माणसांनाही मला एक सांगायचे आहे. २००९ च्या स्वाइन फ्लूच्या वेळी इजिप्त सरकारने देशातली सुमारे तीन लाख डुकरे मारायचा हुकूम काढला. तेव्हा त्या देशात एकही रुग्ण नव्हता आणि रोग पसरत होता माणसांकडून माणसांकडे. ती डुकरे होती कैरोचा कचरा उचलणाऱ्या गरीब कॉप्टिक ख्रिस्ती कुटुंबांची. शहराचे उष्टे-खरकटे तीच खात. ती गेली आणि कैरोच्या रस्त्यांवर कचऱ्याचे ढीग साचले. डुकरे मारतानाची जी दृश्ये जगाने पाहिली, ती पाहून मला माझा दगड आठवला. आमच्याकडे लहान मुलांना सांगतात की तहानेल्या कुत्र्याला पाणी पाजले म्हणून एकाचे गुन्हे माफ झाले आणि मांजर कोंडून उपाशी मारले म्हणून एका बाईला शिक्षा झाली. कुत्र्याचे तोंड लागलेले भांडेही आम्ही सात वेळा धुतो. तरी पाणी पाजण्याचे पुण्य कमी झाले नाही. मग डुकराच्या बाबतीत ते कसे कमी होईल?

आता शेवटचे. मागच्या नाताळात मित्राकडे जेवायला बसलो होतो. त्याच्या ताटात इंद्याल, माझ्या ताटात कोंबडीचा रस्सा. तो मोठ्या कौतुकाने सांगत होता की हे डुक्कर त्याने स्वतः आवारात चिखलात लोळताना पाहिले होते. मी मान डोलावत होतो. मध्येच त्याची बायको मला म्हणाली, "भाऊ, तुमची कोंबडी कुठली, ते तुम्ही कधी विचारलं नाहीत." घास हातातच राहिला. ब्रॉयलर होती, दुसरी कुठली असणार? पाच-सहा आठवड्यांत वजन वाढवून कापायला काढलेली, आयुष्यात मातीला पाय न लागलेली.

डोंबिवलीला परतल्यावर मी आमच्या नेहमीच्या दुकानात गेलो. वीस वर्षांची ओळख. एकावर एक रचलेल्या जाळीच्या खोक्यांकडे बोट दाखवून विचारले, "या कुठून येतात? तिथे कशा ठेवतात, माहीत आहे का?"

त्याने सुरी पुसली, माझ्याकडे जरा निरखून पाहिले आणि म्हणाला, "चाचा, तब्येत बरी आहे ना? किती देऊ, एक किलो?"

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)