नायक कोण? जनाबाईंच्या जात्यापासून पडद्यावरील खेळापर्यंत

(वाचन प्रेरणा दिनानिमित्त परभणी जिल्ह्यातील एका सार्वजनिक ग्रंथालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आजच्या व्याख्यानासाठी 'कथेतील मुख्य व्यक्तिरेखा' हा विषय आपण मला दिलात. माहिती अधिकाऱ्याने शासकीय योजनांवर बोलावे, अशी साधारण रीत आहे. परंतु कला शाखेचा पदवीधर म्हणून साहित्याची ओढ मला आहेच; शिवाय या विषयाचा माझ्या दैनंदिन कामाशी फार जवळचा संबंध आहे, हे मला नोकरीत बऱ्याच उशिरा उमगले. ते कसे उमगले, हे मी व्याख्यानाच्या उत्तरार्धात सांगेन.

प्रथम शब्दाकडे वळू. 'नायक' हा शब्द 'नी' या संस्कृत धातूपासून आला आहे. नी म्हणजे नेणे. जो कथेला पुढे नेतो, तो नायक. आपल्या प्राचीन नाट्यशास्त्रकारांनी नायकाचे चार प्रकार सांगितले: धीरोदात्त, धीरललित, धीरप्रशांत आणि धीरोद्धत. प्रभू रामचंद्र धीरोदात्त, वत्सराज उदयन धीरललित, तर 'मृच्छकटिका'तील निर्धन झालेला चारुदत्त धीरप्रशांत. या वर्गीकरणात 'धीर' हा शब्द चारही ठिकाणी कायम आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. तथापि ज्याला 'नाटक' म्हणत, त्याचा नायक प्रख्यात कुळातील असावा, राजा असावा, असा दंडक होता. शेत कसणारा, धुणी धुणारी, दळण दळणारी अशी माणसे रंगमंचावर आली तरी ती कडेला उभी राहत.

गंगाखेडची दासी

हा दंडक मोडण्याचे धाडस कोणी केले, याचा शोध घेताना आपणांस जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. गोदाकाठचे गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाते. सुमारे सातशे वर्षांपूर्वी नामदेवांच्या घरी दासी म्हणून राबणाऱ्या या स्त्रीने अभंग रचले. त्या अभंगांकडे भक्तिरसाच्या दृष्टीने आपण नेहमीच पाहतो. आज कथेच्या दृष्टीने पाहू.

या अभंगांत 'मी' म्हणणारी कोण? दासी. प्रसंग कोणते? दळण, कांडण, झाडलोट, गोवऱ्या वेचणे. आणि साक्षात पंढरीनाथाचे काम काय? तो तिच्यासोबत दळू लागतो, तिचा केर भरतो, तिची वेणी घालतो. म्हणजे जिला घरातही बरोबरीचे स्थान नव्हते, ती कथेच्या मध्यभागी उभी आहे आणि त्रैलोक्याचा स्वामी तिचा मदतनीस झाला आहे. राजाला नायक मानणाऱ्या काळात हे घडले. दासीला कोणी राणी केले नाही. ती दासीच राहिली, जातेही तेच राहिले. फक्त जग कोणाच्या डोळ्यांनी पाहावयाचे, हे तिने ठरविले. मुख्य व्यक्तिरेखेचे पहिले लक्षण मला येथे सापडते.

यमूपासून बनगरवाडीपर्यंत

मराठी कादंबरीनेही हाच मार्ग धरला, हे आपले भाग्य होय. १८५७ मध्ये बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' प्रसिद्ध झाली. मराठीतील पहिली कादंबरी म्हणून तिची गणना होते आणि तिचा विषय हिंदू विधवांची दुःस्थिती हा आहे. त्यानंतर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात हरिभाऊ आपट्यांनी 'पण लक्षात कोण घेतो' या कादंबरीत यमू नावाच्या मुलीला स्वतःची कहाणी स्वतःच्या तोंडून सांगू दिली. घराघरांत मुकाट्याने वावरणारी बालवधू कथेची निवेदक झाली, तेव्हा वाचकांना आपल्याच माजघराचे दर्शन नव्याने घडले.

साने गुरुजींच्या 'श्यामची आई'मध्ये कथा सांगणारा श्याम आहे, पण मध्यवर्ती स्थान आईचे आहे. आचार्य अत्रे यांनी १९५३ मध्ये त्यावर काढलेल्या चित्रपटास पहिल्याच वर्षीच्या राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले. कोकणातील एका खेड्यात, दारिद्र्यात दिवस काढणारी गृहिणी साऱ्या देशाच्या आदरास पात्र ठरली. तिच्याजवळ ना शस्त्र होते, ना संपत्ती. परंतु प्रसंगी लेकराशी कठोर होण्याचा निर्णय ती घेऊ शकत होती आणि त्याचे दुःखही सोसू शकत होती.

व्यंकटेश माडगूळकरांच्या १९५५ सालच्या 'बनगरवाडी'त राजाराम सौंदणीकर हा तरुण शिक्षक धनगरांच्या वस्तीवर येतो. कथा तोच सांगतो. तरीही नायक कोण, असे विचारल्यास बहुतेक वाचक त्या वाडीचेच नाव घेतात. दुष्काळात वाडी उठते, माणसे पांगतात, तेव्हा एखादी व्यक्ती निवर्तल्याप्रमाणे मन विषण्ण होते. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी ज्यांच्या घरांतून अद्याप सांगितल्या जातात, त्या मराठवाड्यातील वाचकांना हे अधिक विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

आपल्या परभणीचे बी. रघुनाथ

भगवान रघुनाथ कुळकर्णी, अर्थात बी. रघुनाथ, यांचा जन्म १९१३ मध्ये सातोना येथे झाला. निजामी राजवटीत मराठी भाषेला राजाश्रय नव्हता. अशा काळात सार्वजनिक बांधकाम खात्यात कारकुनी करीत त्यांनी कविता, कथा आणि कादंबऱ्या लिहिल्या. ७ सप्टेंबर १९५३ रोजी परभणीत कार्यालयात काम करीत असतानाच त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांनी जेमतेम चाळिशी गाठली होती. मी आज वयाने त्यांच्यापेक्षा मोठा आहे आणि माझ्याही मेजावर शासकीय नस्त्यांचा ढीग असतो. म्हणून ही तारीख मला अस्वस्थ करते.

त्यांच्या कादंबऱ्यांची नावेच पाहा. 'बाबू दडके' हे एखाद्या सामान्य माणसाचे, हजेरीपटावर शोभावे असे नाव. 'आडगावचे चौधरी' या नावात गावही आले आणि घराणेही. मुंबई-पुण्याच्या साहित्यव्यवहारापासून दूर राहून, आपल्या भोवतालची माणसे कादंबरीच्या शीर्षकस्थानी बसण्यास पात्र आहेत, असा विश्वास या लेखकाने बाळगला. ही परंपरा खंडित झालेली नाही. परभणीचे आसाराम लोमटे यांच्या 'आलोक' या कथासंग्रहास २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. गावातील राजकारण, शेती आणि उपेक्षा यांच्याशी झगडणारी माणसे त्यांच्या कथांच्या केंद्रस्थानी आहेत.

पडदा आणि खेळ

चित्रपटाचा प्रवासही असाच झाला. दादासाहेब फाळके यांचा १९१३ सालचा 'राजा हरिश्चंद्र' नावाप्रमाणेच राजाची कथा सांगत होता. त्यातील राणी तारामतीची भूमिका पुरुष नटाला करावी लागली होती. 'प्रभात'च्या १९३६ मधील 'संत तुकाराम'ने देहूच्या वाण्याला नायक केले. नागराज मंजुळे यांच्या २०१३ च्या 'फँड्री'त जब्या हा शाळकरी मुलगा केंद्रस्थानी आला. अखेरीस त्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकांच्या दिशेने येतो. आपण नायकाच्या बाजूचे आहोत, या समजुतीत बसलेल्या प्रेक्षकाला, आपण कदाचित त्याला हिणवणाऱ्या गर्दीतले असू, अशी शंका त्या क्षणी चाटून जाते. तीन वर्षांनी आलेल्या 'सैराट'मध्ये तर ट्रॅक्टर आणि बुलेट चालविणारी आर्चीच अनेक प्रसंगी कथेची सूत्रे हाती घेते.

आता तरुण मित्रांच्या आवडीच्या विषयाकडे, म्हणजे व्हिडिओ गेमकडे, येतो. वडीलधारी मंडळी या खेळांकडे केवळ कालापव्यय म्हणून पाहतात. त्यांचा अतिरेक हानिकारक आहे, हे मीही मानतो. परंतु तेथेही कथा आहे आणि मुख्य पात्र आहे. जगभर ठाऊक असलेला मारिओ १९८१ मध्ये 'डाँकी काँग' या जपानी खेळात प्रथम आला, तो एक सुतार म्हणून. पुढे तो नळ दुरुस्त करणारा कारागीर झाला. पुण्यातील 'नॉडिंग हेड्स गेम्स' या संस्थेने २०२० मध्ये 'राजी' नावाचा खेळ प्रसिद्ध केला. डोंबाऱ्यासारख्या कसरती जाणणारी राजी ही मुलगी असुरांनी पळविलेल्या धाकट्या भावाच्या, गोलूच्या, शोधात निघते. दुर्गामाता तिच्या हाती त्रिशूळ देते.

खेळातील नायक आणि कादंबरीतील नायक यांत एक भेद आहे. कादंबरीत यमू काय करणार, हे हरिभाऊंनी ठरविलेले असते. आपण हळहळतो, पण तिला थांबवू शकत नाही. खेळात मात्र पाऊल पुढे टाकावयाचे की मागे, हे खेळणाऱ्याच्या बोटांवर अवलंबून असते. चुकले तर पुन्हा आरंभ करण्याची सवलत असते. जीवनात ती सवलत क्वचितच मिळते. म्हणूनच निर्णय आणि त्याची किंमत हे मुख्य व्यक्तिरेखेचे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे लक्षण होय. जो निर्णय घेतो आणि त्याचे मोल स्वतः चुकवितो, तोच कथेला पुढे नेतो.

'साहेब, ह्यात मी कुठं हाय?'

आता आरंभी सांगितलेल्या गोष्टीकडे वळतो. माझ्या नोकरीचा बराच काळ यशोगाथा लिहिण्यात गेला आहे. काही वर्षांपूर्वी एका गावी महिला बचत गटाने चालविलेल्या छोट्या डाळ गिरणीवर मी लेख लिहिला. योजनेचे नाव, अनुदान, कर्ज, यंत्राची क्षमता, मिळालेला नफा हे सारे त्यात अचूक होते. 'लाभार्थी' म्हणून गटाच्या अध्यक्षबाईंचे छायाचित्रही होते. अंक छापून आल्यावर मी तो मोठ्या उमेदीने त्यांना नेऊन दिला. मुलीकडून त्यांनी तो सबंध वाचवून घेतला. थोडा वेळ त्या गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "साहेब, लई चांगलं लिवलंय. पण ह्यात मी कुठं हाय?"

मी चपापलो. मग त्यांनीच सांगावयास सुरुवात केली. पहिल्या वर्षी पावसाने दगा दिला, तूर हाती आली नाही. गिरणी विकून कर्जातून मोकळे व्हावे, असे गटातील बहुतेक जणींना वाटू लागले. त्या रात्री त्यांना झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी त्या एकट्या शेजारच्या गावी गेल्या आणि केवळ शब्दावर शेतकऱ्यांकडून तूर उधार आणली. घरी बोलणी खावी लागली. यंत्राचा पट्टा तुटला तेव्हा तालुक्याहून मिस्त्री येईना, म्हणून तो बसविण्यास त्या स्वतः शिकल्या. डाळ विकली गेली, उधारी फिटली, तेव्हा कोठे गट सावरला.

माझ्या लेखात यातील एकही ओळ नव्हती. माझ्या लेखाची नायिका योजना होती. ती येत होती, देत होती, उजळवीत होती. आणि ज्या बाईने रात्र जागून निर्णय घेतला, ती केवळ घेणारी म्हणून कोपऱ्यात उभी होती. राजाला नायक करणाऱ्या जुन्या दंडकाहून मी वेगळे काय केले होते? योजनेचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. यंत्र मिळाले नसते तर कथाच घडली नसती. पण जनाबाईंच्या अभंगात देवही मदतीला येतो आणि तरीही कथा जनाबाईंचीच राहते. ज्या जिल्ह्यात हा धडा सातशे वर्षांपूर्वी घालून दिला गेला, तेथे नोकरी करणाऱ्या मला तो ठाऊक असावयास हवा होता.

तो अंक वितरित झाला होता. त्यात दुरुस्ती शक्य नव्हती. तेव्हापासून मी मुलाखतीच्या आरंभी अनुदानाची रक्कम विचारीत नाही. 'आपण कोणत्या दिवशी, कोणता निर्णय घेतलात? त्यापायी काय सोसावे लागले?' हे दोन प्रश्न प्रथम विचारतो. पुष्कळदा समोरची व्यक्ती क्षणभर थांबते. हे तिला यापूर्वी कोणी विचारलेले नसते.

एक विनंती

आपल्या ग्रंथालयास माझी एक साधी विनंती आहे. पुस्तक परत करताना प्रत्येक वाचकाने एका वहीत दोन ओळी लिहाव्यात: या पुस्तकातील मुख्य व्यक्ती कोण, आणि तिने कोणता निर्णय घेतला. शालेय विद्यार्थ्यांनी खेळाविषयी किंवा चित्रपटाविषयी लिहिले तरी चालेल. आणि वर्षातून एकदा प्रत्येकाने आपल्या घरातील एका माणसाविषयी एक पान लिहावे. आजीला दुष्काळातील खडी फोडण्याचे दिवस विचारा. वडिलांना विचारा, कापूस सोडून सोयाबीन पेरण्याचे कसे ठरविले. आईला विचारा, शाळा कोणत्या इयत्तेत सुटली आणि ते कोणी ठरविले. उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका.

अशी शंभर पाने जमली, तर या कपाटांत परभणी जिल्ह्याचा एक असा ग्रंथ उभा राहील, ज्याचे नायक याच गल्ल्यांतून वावरत असतील. त्यातून उद्याचे बी. रघुनाथ निपजतील की नाही, हे मी सांगू शकत नाही. परंतु शासनाची योजना असो, छापील लेख असो वा भ्रमणध्वनीवरील खेळ असो, त्यात 'मी कुठे आहे?' असे विचारण्याचे बळ आपल्या मुलामुलींना येईल, एवढे मी निश्चयाने सांगतो.